अनुभव धागा: योगनिद्रा

शिरीषफूल:
काल लेकीच्या मोबाइलवर कुणीतरी संथ आवाजात म्हणालं, "उजव्या हाताचा अंगठा, दुसरं बोट, तिसरं बोट..." आणि एकदम आमच्या नाशिकच्या योगनिद्रेच्या वर्गातल्या बाई आठवल्या. बाबा गेले तेव्हा डोळ्याला डोळा लागत नसे, म्हणून शेजारच्या काकू तिथे घेऊन गेल्या. शवासन, संकल्प, मग तळहात, मनगट, कोपर, खांदा, काख, कंबर असं लक्ष फिरवत न्यायचं. बाई सारख्या सांगायच्या, झोपू नका, ऐकत राहा. हल्ली 'झोप येण्यासाठी' म्हणून लावतात, त्यात गाभाच निसटतो असं मला मनापासून वाटतं. शरीर निजलेलं आणि आपण जागे, त्या अवस्थेसाठी तर सगळं! मला तिथेच पहिल्यांदा मोकळं रडू आलं. तुम्हीही लिहा ना.

खडकवासला:
कुकर लावून लिहितोय. योगनिद्रेची ही मांडणी स्वामी सत्यानंद सरस्वतींची, बिहारमधल्या मुंगेरची. ऋषिकेशला गुरू स्वामी शिवानंदांकडे असताना ते रात्री एका पाठशाळेची राखण करत. पहाटे मुलं वेदमंत्र म्हणायची तेव्हा हे गाढ झोपेत. पुढे तेच मंत्र कानावर आले तर ओळखीचे वाटले! तिथून विचार सुरू झाला. अंगभर लक्ष फिरवणं घेतलं तंत्रातल्या न्यासावरून, म्हणजे मंत्र म्हणत एकेका अवयवाला स्पर्श करतात त्यावरून.

माईआजी:
न्यास म्हणजे संध्येत करतात तोच ना? रामरक्षेतही डोकं, कपाळ, डोळे, कान असं करत पायांपर्यंत येतो आपण. नातवाला तशीच सावकाश म्हणून निजवते.

पाऊसवेडा:
माईआजी, किती गोड! माझी आजी म्हणताना अंगावरून हात फिरवायची.

रात्रपाळी:
मला २७ ते १ उलटे श्वास मोजणं आवडतं. आकडा चुकला की पुन्हा २७. वॉर्डातून आल्यावरही कानात वाजणारे मॉनिटर तेव्हा कुठे थांबतात.

नीरा:
'शरीर जड झालंय' म्हटलं की माझी छाती दडपायची, अपघातानंतर. शिक्षिकेने डोळे उघडे ठेवायला, कुशीवर वळायला सांगितलं. जडनंतर हलकं येतं, थंडनंतर गरम, हे अंगवळणी पडल्यावर भीती ओसरली. कुणाला असं होत असेल तर ओढूनताणून करू नका.

शिरीषफूल:
बरं केलंस लिहिलंस. आता कशी आहेस?

नीरा:
छान गं. जिनाही चढते.

पाऊसवेडा:
संकल्प कसा असावा? दर वेळी नवा चालतो?

खडकवासला:
एकच धरा. छोटा, होकारार्थी. सुरुवातीला आणि शेवटी तोच, मनात तीनदा. शिट्टी झाली, आलोच.

देवरुखकर:
पांघरूण घ्या हो, अंग गार पडतं. नुसती चटई नको, सतरंजी घाला. नाशिकला कुठला वर्ग? गंगापूर रोडचा का? मावशी जायची तिथे.

शिरीषफूल:
नाही, पंचवटीतला. मावशी अजून करतात?

देवरुखकर:
करते की, रोज दुपारी, फोन बंद ठेवून. चारनंतर लावतो आणि विचारतो तिला.