लाल जॅकेट घातलं की कुत्रा सर्व्हिस डॉग होतो का?

कोथरूडची_आजी
गेल्या महिन्यात लोहगावला दिल्लीच्या विमानासाठी सुरक्षा तपासणीच्या रांगेत उभी होते. पुढे एक पंचविशीची मुलगी, तिच्याबरोबर बीगल. अंगात लाल जॅकेट, त्यावर ‘सर्व्हिस डॉग’, म्हणजे अपंग व्यक्तीच्या मदतीसाठी शिकवलेला कुत्रा. कुत्रा ट्रॉल्यांच्या चाकांवर भुंकत होता, मागच्या बाळाच्या हातातल्या बिस्किटावर झेप घेत होता. बाळ घाबरून रडायला लागलं. कर्मचाऱ्याने विचारलं, तर मुलगी म्हणाली, “हा माझा इमोशनल सपोर्ट आहे. जॅकेट ऑनलाइन मिळतं.”

मला फार राग आला. का, ते सांगते. लेकीकडे अमेरिकेत गेले होते, तेव्हा शिकागोहून न्यूयॉर्कला जाताना शेजारी एक अंध गृहस्थ होते. त्यांच्या पायाशी काळी लॅब्रॅडॉर. दोन तासांत तिचा आवाज म्हणून नाही. खाण्याची गाडी जवळ आली की शेपूट आत ओढून घ्यायची आणि हनुवटी त्यांच्या बुटावर टेकून पडून राहायची. मी कुरवाळायला हात पुढे केला, तर ते हळूच म्हणाले, “ती कामावर आहे.”

तिथेही आधी सपोर्टच्या नावाखाली काहीही चालायचं. २०१८ मध्ये नेवार्क विमानतळावर एक बाई चक्क मोर घेऊन आल्या होत्या, कंपनीने नाकारला. ११ जानेवारी २०२१ पासून नियम बदलला. आता विमानात सर्व्हिस अ‍ॅनिमल म्हणजे फक्त कुत्रा, तोही अपंग व्यक्तीसाठी ठरावीक काम शिकवलेला. नुसता जवळ असल्याने बरं वाटतं, तेवढ्याने भागत नाही.

आपल्याकडे लाडका कुत्रा न्यायचाच असेल, तर सरळ पाळीव म्हणून न्या. अकासा विमान कंपनीने नोव्हेंबर २०२२ पासून लहान कुत्री-मांजरी पिंजऱ्यातून केबिनमध्ये न्यायची सोय केली. इंडिगो पाळीव प्राणी घेत नाही, सर्व्हिस डॉगला मात्र परवानगी देते. खोट्या जॅकेटांनी ती परवानगीच बदनाम होईल.

सहकारनगर_३७
आजी, मी त्या मुलीच्या बाजूने. लॉकडाऊननंतर मला पॅनिक अटॅक येऊ लागले. रात्री श्वास अडकला की माझी कुत्री छातीवर डोकं ठेवते. तो भार जाणवला की जिवात जीव येतो. तिला हे कुणी शिकवलेलं नाही. म्हणजे तुमच्या त्या नियमात ती बसत नाही. बहिणीच्या लग्नाला बंगळूरला मी रेल्वेने गेलो, कारण विमानात तिच्याशिवाय बसायची हिंमत नव्हती. अंधत्व लोकांना दिसतं. माझा आजार दिसत नाही, म्हणून तो खोटा का?

कोथरूडची_आजी
खोटा असं मी म्हटलेलं नाही रे बाळा. त्या नियमात मनाच्या आजारासाठी शिकवलेल्या कुत्र्याला बाकीच्या सर्व्हिस डॉगइतकाच मान आहे. अट फक्त शिकवण्याची.

सहकारनगर_३७
शिकवणार कोण? ‘बस’, ‘ऊठ’ शिकवणारे पुण्यात पायलीचे पन्नास आहेत. पॅनिक अटॅक ओळखायला शिकवणारा मला वर्षभर शोधून सापडलेला नाही.

इनहेलर_खिशात
माझ्याबद्दल कुणी बोलणार का? मला दमा आहे, कुत्र्याच्या केसांनी छाती भरून येते. अमेरिकेच्या नियमात शेजाऱ्याची अ‍ॅलर्जी हे सर्व्हिस डॉग नाकारायचं कारण होत नाही, दोघांना लांब बसवतात. पण आधीच्या फेरीतले केस माझ्या सीटवर असले, तर लांब बसून काय उपयोग?

पांढरी_काठी
मी जन्मांध आहे, तुमचे प्रतिसाद स्क्रीन रीडरवर ऐकतोय. गाइड डॉगची, म्हणजे अंधांना वाट दाखवणाऱ्या कुत्र्याची मला फार ओढ आहे. मालक ‘चल’ म्हणाला तरी पुढे खड्डा असेल तर तो जागचा हलत नाही, असा तो तयार केलेला असतो. पण लक्ष्मी रोडवर तो काय करेल? पदपथावर दुचाक्या, गल्लीगल्लीत भटक्या कुत्र्यांची टोळी, वर प्रत्येक जण ‘किती गोड’ म्हणत शुक शुक करणार. त्याचं लक्ष विचलित झालं की पडणार मी.

तरीही आजी, तुमच्या कडक नियमाची मला भीती वाटते. कागद तपासायला सुरुवात झाली की पहिला अडवला जाईन तो मी. अमेरिकेत मालकाने स्वतः भरून सही केलेला फॉर्म चालतो, खोटं लिहिलं तर तो गुन्हा. आपल्याकडे असंच हवं. आणि कर्मचाऱ्याने कुत्र्याची वागणूक बघावी. भुंकतोय, झेपावतोय, तर जॅकेट कसलंही असो, त्याला थांबवा.

सहकारनगर_३७
दादा, हे पटलं. खरं सांगतो, तसलं जॅकेट मीही मागवलं होतं. पाकीट न फोडता कपाटात पडून आहे. मी सही करायला तयार आहे. पण आधी तिला शिकवून देणारं कुणीतरी हवं.

इनहेलर_खिशात
तिथे विमान कंपनी तो फॉर्म ४८ तास आधी मागू शकते. मग विमानात कुत्रा आहे हे मलाही आदल्या दिवशी कळवा. मी सकाळचं विमान सोडून दुपारचं घेईन.