छोटी गाडी पाच माणसांना घेऊन यवतेश्वरचा घाट चढेल का?

नमस्कार मंडळी,

गाडी घ्यायची आहे आणि घरात दोन पक्ष पडलेत. पोस्ट लांबली तर सांभाळून घ्या.

आम्ही साताऱ्यात गोडोलीला राहतो. सासर कासच्या पलीकडे, बामणोलीच्या वाटेवर. महिन्यातून दोनदा तरी जाणं होतं. आम्ही दोघं, दोन मुलं, सासूबाई आणि येताना तांदळाचं नाहीतर नाचणीचं पोतं. एरवी गाडी मीच चालवणार, घर ते शाळा. बजेट सगळं धरून सहा लाख. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, म्हणून जुनी घ्यायचा विचार सोडला. यादीत तीन नावं आहेत : अल्टो के१०, क्विड आणि टियागो.

शहरातल्या शहरात तिघींपैकी कुठलीही चालेल. अल्टो तर आमच्या बोळातूनही सहज वळेल. प्रश्न साताऱ्याहून कासला चढणाऱ्या यवतेश्वर घाटाचा आहे.

दोन वर्षांपूर्वी नणंदेची हजार सीसीची गाडी घेऊन गेलो होतो (कंपनी कुठली ते राहू दे). सप्टेंबरातला रविवार, कासची फुलं बघायला अख्खं पुणं लोटलेलं. समर्थ मंदिराच्या वर घाट सुरू झाला तशी रांग लागली, दर दहा फुटांवर थांबा. वर पाऊस आणि धुकं. एसी बंद केला की गाडी जरा उठायची, पण काचा आतून अशा धुरकटायच्या की पुढचं दिसेना. एसी लावला की काच स्वच्छ, गाडी मात्र पहिल्या गिअरलाही कण्हायची. एका वळणावर हे आणि मुलं उतरून चालत निघाले. सासूबाई आतच बसून राहिल्या आणि म्हणाल्या, "यापरीस एसटी बरी." क्लचचा जळका वास दोन दिवस गेला नाही.

ह्यांचं म्हणणं, "अल्टो हलकी आहे, हलकी गाडी चढतेच." मी गणित शिकवते, म्हणून वही घेऊन बसले. अल्टोचा टॉर्क (इंजिनाची ओढ) ९० न्यूटन मीटरच्या आसपास, वजन साधारण ७५० किलो. टियागोचा ११३, वजन ९५० धरू. रिकाम्या गाडीत टनामागे १२० आणि ११९, म्हणजे बरोबरीच! इथपर्यंत हे जिंकले. आता दोन्हींत माणसं आणि पोतं मिळून ३५० किलो टाका. अल्टोला टनामागे ८२ उरतात, टियागोला ८७. हलक्या गाडीला आपलंच ओझं जास्त जाणवतं. पण एवढ्याशा फरकासाठी जास्तीचे पैसे मोजावेत का? शिवाय गिअरचं गुणोत्तर यात धरलेलं नाही, म्हणजे उत्तर अर्धंच आहे. क्विडचा टॉर्कही ९० च्या घरातला, पण तो मिळायला इंजिन अल्टोपेक्षा जास्त फिरवावं लागतं.

डिकीत क्विड पुढे, २७९ लिटर. टियागो २४२, अल्टो २१४. गावाकडच्या शेवटच्या खडबडीत तुकड्यासाठी क्विडचा १८४ मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्सही (गाडीच्या पोटाची जमिनीपासूनची उंची) मोहात पाडतो. (पाच माणसं बसल्यावर त्यातला किती उरतो हा वेगळा प्रश्न.)

सुरक्षिततेचं मला नीट कळलेलं नाही. ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत टियागोला २०२० साली चार तारे, अल्टो के१० ला २०२३ मध्ये दोन. पण २०२२ पासून चाचणी कडक झाली, आणि चाचणीतल्या अल्टोला दोनच एअरबॅग होत्या, आता सहा येतात. मग तुलना करायची कशी? एअरबॅग वाढल्या तरी सांगाडा तोच ना?

तर ज्यांनी यातली एखादी गाडी कुंभार्ली, पसरणी किंवा यवतेश्वर घाटात पाच जणांसह, पावसात, एसी लावून चालवली आहे त्यांनी कृपया सांगा. एकट्याने चालवलेला अनुभव नको, तो शोरूमवाल्यांनी हायवेवर दिलाच आहे.

भर, शुक्रवार रात्री : सगळ्यांचे आभार. हँडब्रेक ओढून ठेवायचा, क्लचला धक्का जाणवला की मग हँडब्रेक सोडायचा, ही युक्ती शहरातल्याच एका चढावर करून पाहिली. जमतंय. नणंदेच्या गाडीचा निम्मा दोष आमच्या पायाचा होता, हे मान्य. उतरताना ब्रेकवर बसू नका, दुसऱ्या गिअरमध्येच ठेवा, हेही लिहून घेतलं.

सीएनजी सुचवणाऱ्यांना : डिकीत टाकी आली की पोतं कुठे ठेवू? आणि त्यावर ओढ अजून कमीच होते ना.

सासूबाईंच्या गुडघ्यांचं कुणीतरी विचारलं होतं. काल शोरूममध्ये त्यांना तिन्हींत बसवून उठवलं. अल्टोतून उठायला माझा हात लागला, क्विडमधून दाराला धरून उठल्या, टियागोत बसल्या त्या उठेनातच, "चहा सांगा" म्हणाल्या. घरात आता तीन पक्ष आहेत.

रविवारी टियागो आणि क्विड दोन्ही घाटात न्यायला शोरूमवाले कसेबसे तयार झालेत, पाचही जणांसकट. पोत्याचं अजून सांगितलेलं नाही. चढावर नेमकं काय तपासू, ते शनिवारपर्यंत सांगाल का?