वस्तीतील मुलांच्या विज्ञान शिक्षणासाठी प्रथम कोणाकडे जावे?

प्रश्न (अभ्यासिका चालक, जनता वसाहत)
पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी आम्ही काही जण सहावी ते आठवीच्या मुलांसाठी संध्याकाळची अभ्यासिका चालवतो. बहुतेक मुलांच्या आया घरकामाला जातात, वडील बिगारी काम करतात किंवा रिक्षा चालवतात. मागील वर्षी एका संस्थेने दिवसभर सुंदर प्रयोग दाखवले आणि जाताना साहित्याची पेटी दिली. परंतु ती वापरायची कशी हे आम्हांला कोणी शिकवले नाही, आम्हीही विचारले नाही, आणि पेटी आजही कपाटात बंद आहे. वर्षभर टिकेल असे काम उभे करायचे असल्यास शाळा, संशोधन संस्था, कंपन्या आणि पालक यांपैकी प्रथम कोणाकडे जावे?

उत्तर (निवृत्त विज्ञान शिक्षिका, कोथरूड)
प्रथम वस्तीतच फिरावे, असे मला वाटते. पंख्यांच्या आणि पाण्याच्या मोटारींचे वाइंडिंग करणारे एखादे दुकान जवळपास असेल, तर त्या कारागिराकडे पंधरवड्यातून एक तास मागा. एक सेल, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक आणि वाइंडिंगची थोडी तार एवढ्यावर मोटार फिरते. तारेवरचा, वीज अडवणारा लेप काढण्यासाठी वेटोळ्याचे एक टोक पूर्ण खरवडायचे आणि दुसरे केवळ अर्ध्या बाजूने, कारण दोन्ही टोके पूर्ण खरवडल्यास अर्ध्या फेरीनंतर बल उलट दिशेने लागते आणि वेटोळे जागीच डोलत राहते. हे असे का होते, याचा शोध मुलांनी आणि ज्याच्या हाताला ती तार रोजची आहे त्या माणसाने मिळून घ्यावा. आपल्या गल्लीतला माणूस विज्ञान जाणतो हे मुलांना त्यातून दिसते, आणि कोणत्याही पाहुण्या प्रात्यक्षिकापेक्षा मला ते मोलाचे वाटते.

त्यानंतर आयुका या पुण्यातील खगोलशास्त्र संशोधन संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेकडे, म्हणजे मुलांसाठीच्या विज्ञान केंद्राकडे जावे. साध्या, टाकाऊ वस्तूंतून विज्ञान खेळणी करण्याचे अरविंद गुप्ता यांचे काम तेथेच बहरले. शोधिकेची वास्तू पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून उभी राहिली, हेही सहकार्याचेच उदाहरण आहे. मात्र जाताना मुलांचे लिहून घेतलेले प्रश्न सोबत न्यावेत, केवळ सहलीची विनंती नव्हे.

उत्तर (पालक, शाळा व्यवस्थापन समिती सदस्य)
शाळेला वगळू नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असतात आणि शाळा विकास आराखडाही समितीच तयार करते. शाळेची प्रयोगशाळा शनिवारी दुपारी वापरता यावी, हा मुद्दा त्या आराखड्यात लेखी घालता येतो. आमच्या बैठका सकाळी अकराला होत असत, तेव्हा कामावरच्या आयांना खाडा करावा लागे म्हणून त्या येत नसत. वेळ संध्याकाळी सातची ठेवल्यावर त्या येऊ लागल्या आणि बोलूही लागल्या.

उत्तर (सामाजिक संस्थेतील कार्यकर्ता)
कंपन्यांकडे सर्वांत शेवटी जावे. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मोठ्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते, परंतु हा निधी नोंदणीकृत संस्थेलाच मिळू शकतो. आपला गट नोंदणीकृत नसल्यास आधी एखाद्या विश्वासू संस्थेशी बोलावे, आणि साहित्याबरोबरच वर्षभर शिकवायला येणाऱ्या ताईच्या मानधनाची मागणी करावी.

प्रश्नकर्ता
आपणा सर्वांचे मनापासून आभार. आमच्या चढावर वाइंडिंगचे एक दुकान आहे आणि त्या काकांची नात आमच्याच अभ्यासिकेत येते, तरीही त्यांना विचारण्याचे आम्हांला कधी सुचले नव्हते. रविवारी ती पेटी घेऊन मी त्यांच्याकडे जात आहे.