एसीसी: मॉन्झाला मागची बाजू सुटते, सेटअपमध्ये आधी कशाला हात लावू?

सिडको_पिटलेन:
असेटो कोर्सा कॉम्पिटिझिओने (एसीसी, कार रेसिंगचा गेम), बीएमडब्ल्यू एम४ जीटी३ (जीटी३ वर्गातली रेस कार), टेबलाला लावलेलं लॉजिटेक जी२९ (स्टेअरिंग आणि पेडल). मॉन्झाला (इटलीतला ट्रॅक) १:५४ मिनिटांच्या आसपास लॅप बसतो. पहिल्या शिकेनमधून (लागोपाठची उलटसुलट वळणं) बाहेर पडताना रेस दिली की मागची बाजू सुटते. एका वेगवान पोराची सेटअप फाइल टाकून पाहिली, तर ब्रेकिंगलाही गाडी गरकन फिरायला लागली. विंग (गाडीला खाली दाबणारा मागचा पंख) दोन क्लिक वाढवली, शिकेनला फरक शून्य, वर सरळ पट्ट्यावर मागे पडतो. कॅम्बर, टो (चाकांचे कोन), डॅम्पर, बंपस्टॉप (सस्पेन्शनचे भाग) एवढं सगळं दिसतंय, सुरुवात कुठून करू? रविवारी आपल्या नाशिकच्या ग्रुपची २० मिनिटांची रेस आहे.

गंगापूर_रोड_जीटी:
विंगने फरक पडणारच नव्हता, भाऊ. विंगचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी २४० ला जेवढा, त्याचा नववा हिस्सा ८० ला. शिकेनमधून निघताना तू साधारण त्याच वेगात असतोस. विंगचा उपयोग लेस्मो, अस्कारी, पॅराबोलिका या वेगवान वळणांना.

ती फाइल आधी काढून टाक. वेगवान लोकांच्या सेटअपमध्ये ब्रेक बायस (पुढच्या-मागच्या ब्रेकमधली वाटणी) मागे आणि टीसी (ट्रॅक्शन कंट्रोल, चाक जागीच फिरू न देणारी यंत्रणा) कमी असतो, कारण ते वळणात शिरताना ब्रेक अगदी हळूहळू सोडतात. नवख्याने ब्रेक झटक्यात सोडला की त्याच सेटअपवर गाडी फिरते. गेममधला 'सेफ' प्रीसेट (तयार सेटअप) लाव. गाडीचं नाक वळायला थोडं सुस्त वाटेल, चालेल.

मग फक्त टायरची हवा. प्रॅक्टिसमध्ये हवामान कोरडं आणि स्थिर ठेव, इंधन ३० लिटर, आणि गवतात न जाता सलग पाच लॅप मार. टायर गरम झाल्याशिवाय आकड्यांना अर्थ नाही, म्हणून चौथ्या-पाचव्या लॅपला सरळ पट्ट्यावर चारही चाकांचे आकडे वाच. कोरड्यात जीटी३ ला गरम टायर २६ ते २७ पीएसआयमध्ये हवेत, नेम २६.५ वर धर. जुन्या व्हिडिओंत २७.३ ते २७.८ सांगतात, ते २०२३ च्या १.९ अपडेटच्या आधीचं आहे. एक क्लिक म्हणजे ०.१. म्हणजे २७.४ दिसलं तर त्या चाकाची हवा ९ क्लिक कमी, आणि पुन्हा पाच लॅप. चारही चाकांना एकच आकडा देऊ नकोस.

आणि बाहेरचं तापमान १ अंशाने बदललं की दाब साधारण ०.१ ने हलतो. २२ अंशांना बसवलेली गाडी सर्व्हरवर २७ अंश असतील तर ५ क्लिक कमी करूनच बाहेर काढायची.

सातपूर_अपेक्स:
सेटअपच्या आधी जी२९ कडे बघा. जी हबमध्ये (लॉजिटेकचं सॉफ्टवेअर) ९०० अंश आणि गेममध्येही स्टेअरिंग लॉक ९०० असायला हवं. गेमिंग कॅफेत सराव करत असाल तर तिथे हे दर वेळी तपासायचं, आधीच्या गिऱ्हाईकाने काय करून ठेवलंय सांगता येत नाही.
दुसरं, या पेडलचा ब्रेक आत रबर असल्यामुळे शेवटी फार कडक होतो. स्क्रीनवर पेडलचे पट्टे चालू ठेवा. ब्रेकचा पट्टा ८० टक्क्यांवरच अडकत असेल तर गाडी थांबत नाही म्हणून सेटअपला शिव्या घालण्यात अर्थ नाही. खुर्ची चाकांची असेल तर ती मागे सरकते, भिंतीला टेकवा.

पंचवटी_लॅप:
हवा बसल्यावरही सुटली तर आधी ठरव की नेमकी कधी सुटते: ब्रेक दाबलेला असताना, दोन्ही पेडल मोकळे असताना, की रेस देताना. तिन्हींची औषधं वेगळी आहेत.

ब्रेकवर मागची बाजू हलते तर बायस अर्धा टक्का पुढे. फार पुढे नेलास तर नाक वळायचंच बंद होईल, म्हणून एका वेळी अर्धाच.

मधल्या भागात नाक आत येत नसेल तर पुढचा अँटीरोल बार (वळणात गाडी कलू न देणारा दांडा) एक क्लिक मऊ. उलट मागची बाजू तरंगत असेल तर मागचा मऊ.

तुझा प्रश्न तिसरा, रेस देतानाचा. टीसी १ ने वाढव, गरज पडली तर २ ने. हे गाडी चालवतानाही बदलता येतं, त्याचं बटण स्टेअरिंगवर बसवून घे. नंतर मागचा अँटीरोल बार एक-दोन क्लिक मऊ. तरी भागलं नाही तर मागचा टो-इन (चाकांची पुढची टोकं आत वळवणं) किंचित वाढव, पण टायर जास्त तापतील.

बरं, तुझी गाडी कर्बवर (वळणाच्या कडेची उंच पट्टी) तर सुटत नाही ना? शिकेनचं दुसरं वळण डावीकडे. तिथे मागचं डावं चाक कर्बवर चढतं, हलकं होतं, आणि नेमकी त्याच क्षणी पूर्ण रेस दिली की ते चाक गरगर फिरतं. टीसीचा दिवा लुकलुकायला लागतो. स्टेअरिंग सरळ होत जाईल तशी रेस वाढवायची. तिसरा गिअर पडेपर्यंत दिवा पेटलेलाच राहत असेल तर दोष पायाचा, टीसी कितीही चढवला तरी वेळच जाणार.

डॅम्पर, बंपस्टॉप, कॅम्बर यांना सध्या हात लावू नकोस. लॅपच्या वेळा दोन-तीन दशांशांच्या फरकात बसायला लागेपर्यंत त्यांचा परिणाम तुला दिसणारच नाही. रिप्लेमध्ये वळण बघ, त्यातून जास्त कळेल.

सिडको_पिटलेन:
सेफ प्रीसेट, टीसी +१, कर्ब सोडला. आता शिकेनला सुटत नाही. तीन चाकं २६.४ ते २६.६ वर आली, पण मागचं डावं २७.२. काही चुकतंय का?

गंगापूर_रोड_जीटी:
नाही, मॉन्झाला असंच येतं. ट्रॅक घड्याळाच्या दिशेने. दोन्ही लेस्मो आणि पॅराबोलिका उजवीकडची, आणि तिन्हींतून बाहेर पडताना तू रेस देतोस. मागचं डावं चाक बाहेरचा भार पण घेतं आणि इंजिनचा जोर पण. त्या एकट्या चाकाची हवा ६-७ क्लिक कमी कर, डावी-उजवी बाजू सारखी दिसायचा हट्ट नको. फक्त घसरून टायर तापला असेल तर तो आकडा खोटा असतो, म्हणून न घसरलेल्या लॅपचाच धर.

पंचवटी_लॅप:
रविवारसाठी इंधन: १:५२ धरलं तर २० मिनिटांत ११ लॅप, वर एक फॉर्मेशन लॅप (रेस सुटण्याआधीची संथ फेरी) आणि एक राखीव. लॅपला ३ लिटर जात असेल तर ३९ लिटर. तुझा खरा वापर सेटअपच्या इंधनाच्या पानावर दिसेल, तोच घे. टाकी भरून निघू नकोस. ६० लिटर जादा म्हणजे साधारण ४५ किलो, तेवढ्याने ब्रेकिंगची जागा मागे येते.

सेटअपला तापमानासकट नाव देऊन सेव्ह कर, उदा. मॉन्झा_२४अंश. फाइल डॉक्युमेंट्समध्ये एसीसीच्या सेटअप्स फोल्डरमध्ये गाडी आणि ट्रॅकच्या नावाखाली जाते, तिची एक प्रत फोनवर टाकून ठेव.

सातपूर_अपेक्स:
आणि रविवारी क्वालिफायिंगला (रेसमधली सुरुवातीची जागा ठरवणारे लॅप) १० लिटरच भर. मग रेसआधी ३९ करायला विसरू नकोस.