शब्दचर्चा: पोच, पोचपावती आणि निळी टिक

अर्धविराम
एका संस्थेच्या परिपत्रकाचा मसुदा तपासायला आला आहे. त्यात वाक्य आहे: 'व्हॉट्सॲपवरील सूचनेस निळी टिक दिसल्यास ती सूचनेची पोच समजण्यात येईल.' शंका दोन. निळ्या टिकेला पोच म्हणता येईल का? आणि 'डिलिव्हर्ड' व 'रीड' यांना मराठीत वेगवेगळे शब्द कोणते? 'वितरित' नको, रेशनचं धान्य आठवतं.

आवक-जावक
नाही म्हणता येणार. क्रियापदं बघा. पोच देतात, घेतात, मागतात. टिक येते किंवा पडते. पोच द्यायला माणूस लागतो, टिक फोन परस्पर देऊन टाकतो.

कार्यालयात पोच घेतात कशी ते डोळ्यांसमोर आणा. अर्जाच्या दोन प्रती. मूळ प्रत बारनिशीत (कार्यालयाच्या आवक-जावक विभागात) जमा होते. दुसऱ्या प्रतीवर, म्हणजे तुमच्या स्थळप्रतीवर, शिक्का पडतो आणि शिक्क्याच्या चौकटीत तारीख, आवक क्रमांक आणि घेणाऱ्याची सही येते. या तिन्हींतलं एक जरी राहिलं तरी पोच लंगडी. नुसता शिक्का असला आणि तारीख नसली तर मुदत कधीपासून मोजायची? माहिती अधिकाराच्या अर्जाचे ३० दिवस अर्ज मिळाल्यापासून धरतात, टाकल्यापासून नाही. आणखी एक हमखास चूक म्हणजे शिक्का पहिल्या पानावर आणि सहपत्रांचा उल्लेखच नाही. नंतर 'कागद जोडलेच नव्हते' हे ऐकावं लागतं. म्हणून अर्जाच्या तळाशी 'सोबत: सहपत्रे ४' लिहून मगच पोच घ्यावी.

आणि मुख्य गोष्ट. शिक्का मारणारा लिपिक अर्ज वाचत नाही. त्याची पोच 'कागद आला' एवढंच सांगते, 'मजकूर मान्य' असं सांगत नाही.

पत्रपेटी
अर्धविराम, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जुन्या पत्रांत तयार आहे. 'आपले पत्र पावले, मजकूर समजला.' पावले म्हणजे दोन राखाडी टिका, मजकूर समजला म्हणजे निळ्या. फरक इतकाच की तेव्हा हे दोन्ही स्वतःच्या हातानं लिहावं लागे, त्यामुळे न समजता 'समजला' लिहायचं की नाही हे लिहिणाऱ्यावर होतं.

'पावती' त्याच 'पावणे'तून आली. म्हणजे पोचपावती हा तसा जोडीचा शब्द, कामधंदा किंवा बाजारहाट यांच्यासारखा. टपालात त्याचा अर्थ पक्का झाला: रजिस्टर ए.डी. पाकिटाला जोडलेलं कार्ड, ज्यावर घेणाऱ्याची सही होऊन ते पाठवणाऱ्याकडे परत येई. २०२५ मध्ये रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात विलीन झालं, पण 'पोचपावती जोडा' हे शब्द कार्यालयांच्या तोंडून जायला वेळ लागेल. लाक्षणिक अर्थ तर ठणठणीत आहे. 'प्रेक्षकांच्या टाळ्या हीच कामाची पोचपावती.' इथंही देणारी माणसंच आहेत.

दोन टिका
यंत्राची बाजू नीट मांडतो, कारण बरेच घोळ तिथंच होतात.

घड्याळाचं चिन्ह: मेसेज अजून तुमच्याच फोनमध्ये आहे. एक राखाडी: सर्व्हरवर गेला. समोरचा फोन बंद असेल तर तो तिथं ३० दिवसांपर्यंत थांबतो, मग पुसला जातो. दोन राखाडी: समोरच्याच्या फोनवर किंवा त्याला जोडलेल्या एखाद्या संगणकावर उतरला. दोन निळ्या: ती चॅट उघडली गेली.

'वाचले' हा शब्द म्हणूनच मला खटकतो. पीडीएफ पाठवली आणि समोरच्यानं चॅट उघडली की टिक निळी होते, मग ती फाइल त्यानं उघडो वा न उघडो. उलट, फोनच्या वरच्या पट्टीत दिसणारी सूचना अख्खी वाचून काढली तरी टिक राखाडीच राहते. शिवाय वैयक्तिक चॅटमध्ये निळी टिक बंद ठेवता येते. ती सोय निळ्या टिका २०१४ च्या नोव्हेंबरात आल्यावर लगेचच द्यावी लागली होती, यावरून लोकांना त्या किती बोचल्या ते कळतं. बंद केली की दुसऱ्यांच्याही दिसत नाहीत. ग्रुपमध्ये मात्र ती बंद होत नाही.

ग्रुपमध्ये दोन टिका सगळ्यांच्या फोनवर उतरल्याशिवाय येत नाहीत, आणि सगळ्यांनी उघडल्याशिवाय निळ्या होत नाहीत. साठ जणांत एकाचा फोन बिघडला की साठांची टिक अडकली. तेव्हा नुसत्या टिकेकडे बघू नका. स्वतःच्या मेसेजवर बोट दाबून धरा, 'इन्फो'त जा, तिथं कोणाला कधी पोचला आणि कोणी कधी उघडला याची वेळेसह यादी मिळते. ही यादी फक्त पाठवणाऱ्याला दिसते आणि मेसेज डिलीट केला की जाते. पुरावा हवा तर आधीच स्क्रीनशॉट घ्या.

माझे शब्द: गेला, पोचला, उघडला. 'वाचला' वापरू नये.

कलम-कसाई
कायद्यानंही ही फोड केली आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २०००, कलम १३: संदेश पाठवणाऱ्याच्या ताब्याबाहेरच्या यंत्रणेत शिरला की 'पाठवला', आणि घेणाऱ्यानं ठरवून दिलेल्या यंत्रणेत शिरला की 'मिळाला'. वाचण्याचा संबंधच नाही. पोच आहे कलम १२ मध्ये. पाठवणाऱ्यानं ती कशी द्यायची हे ठरवलं नसेल तर घेणाऱ्याचा कुठलाही संदेश, आपोआप गेलेलासुद्धा, किंवा मिळाल्याचं दाखवणारी कुठलीही कृती चालते. म्हणजे आवक-जावक, कायद्याला यंत्रानं दिलेली पोच वर्ज्य नाही. आणि 'पोच मिळाली तरच हा संदेश बंधनकारक' अशी अट आधीच घातली असेल, तर पोच येईपर्यंत तो संदेश पाठवलाच नाही असं धरतात. परिपत्रक लिहिणाऱ्यांनी ही अट विचार करून घालावी, ती आपल्याच अंगावर येऊ शकते.

न्यायालयात चालणारा शब्द मात्र पोच नाही, 'बजावणी'. मुंबई उच्च न्यायालयानं जून २०१८ मध्ये क्रेडिट कार्डाच्या थकबाकीच्या प्रकरणात व्हॉट्सॲपवर पीडीएफ करून पाठवलेली नोटीस बजावली गेली असं मानलं. टिकांवरून ती पोचली आणि उघडलीही गेली असं दिसत होतं. याउलट, पोलिसांनी हजर राहण्यासाठी काढायची नोटीस व्हॉट्सॲपवर बजावता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं. तिथं माणसाची अटक टांगणीला असते. तेव्हा 'निळी टिक म्हणजे बजावणी' असा सरसकट नियम करू नका.

आवक-जावक
कलम १२ मान्य. पण कायद्यानं चालते म्हणून भाषेत पोच 'दिली' होत नाही. 'फोननं पोच दिली' म्हणून बघा, दाताखाली खडा येतो.

पत्रपेटी
आणि 👍 चं काय? ऑफिसच्या ग्रुपवर तीच खरी पोच झाली आहे. साहेबांच्या मेसेजखाली रांगेनं 'ओके सर', 'नोटेड सर', अंगठा, अंगठा, अंगठा.

कलम-कसाई
यावर कॅनडातला एक खटला आहे आणि तो थेट आपल्या शब्दाचाच आहे. सस्कॅचवान प्रांतात धान्य खरेदीदारानं जवसाच्या कराराचा फोटो शेतकऱ्याला पाठवला, सोबत करार मान्य असल्याचं कळवा अशी विनंती. शेतकऱ्यानं 👍 पाठवला. माल आला नाही, दरम्यान भाव चढला. शेतकऱ्याचं म्हणणं: अंगठा म्हणजे करार मिळाल्याची खूण, बाकी काही नाही. म्हणजे शुद्ध मराठीत 'ती पोच होती, सही नव्हती.' न्यायालयानं २०२३ मध्ये ते फेटाळलं, कारण आधीचे करारही त्यानं 'ओके', 'यप' असल्या एका शब्दात मान्य करून माल पोचता केला होता. भरपाई ८२ हजार कॅनडियन डॉलरच्या वर गेली.

अर्धविराम
आपल्याकडे तर 'अंगठा' म्हणजे सहीच! अंगठा उठवला की खत झालं.

आवक-जावक
म्हणून पोच कशी द्यायची ते पाठवतानाच लिहावं. सोसायटीच्या वार्षिक सभेचंच घ्या. उपविधींप्रमाणे १४ दिवस आधी सूचना जायला हवी. रखवालदाराबरोबर वही फिरवून सह्या घेणं हा जुना मार्ग आजही सर्वांत भक्कम आहे, ग्रुप हा जोड. ग्रुपवर टाकताना मजकूर असा ठेवा: 'सभेची सूचना व विषयपत्रिका (३ पाने) सोबत आहे. फाइल उघडून पाहिल्यावर आपला सदनिका क्रमांक आणि "मिळाली" एवढेच लिहावे. अंगठा पोच धरला जाणार नाही. अमुक तारखेपर्यंत पोच न आल्यास छापील प्रत घरी देऊन सही घेतली जाईल.' ही सूचना नेहमीच्या गप्पांच्या ग्रुपवर टाकू नका. सुप्रभातच्या फुलांखाली ती तासाभरात गाडली जाते.

दोन टिका
भर घालतो. मेसेजला चिकटवलेला अंगठा काढून घेता येतो आणि मागे काही उरत नाही. लिहिलेला मेसेज काढला तर निदान 'डिलीट केला' अशी ओळ राहते. पोच लिहूनच मागा.

पत्रपेटी
एक अवांतर. 'पोच'चा दुसरा अर्थ या चर्चेत कोणी काढला नाही. 'त्याला काही पोच नाही', 'पाचपोच नाही'. कुठं काय बोलावं याची समज म्हणजेही पोच. रात्री साडेअकराला कामाचा मेसेज टाकायचा आणि 'निळी टिक आली, मग उत्तर का नाही?' म्हणून अकरा चाळीसला फोन करायचा. अशा माणसाला टिका पोचतात, पोच नसते.

अर्धविराम
मसुदा बदलला: 'सूचना व्हॉट्सॲपवर पाठवण्यात येईल. ती मिळाल्याचे सदस्याने लेखी कळवल्यास तीच पोच समजण्यात येईल. टिकेचा रंग ग्राह्य धरला जाणार नाही.' चालेल?

आवक-जावक
'लेखी'पुढे 'त्याच ग्रुपवर' घाला, नाहीतर एकजण आंतरदेशीय पाठवेल.

दोन टिका
आणि छापताना 'टिका'ची वेलांटी सांभाळा. ऱ्हस्वाची दीर्घ झाली तर 'सदस्यांच्या टीका ग्राह्य धरल्या जाणार नाहीत' असं वाचून पुढची सभा त्यावरच होईल.