विषय : यंदाचा सत्कार पंचांचा करावा

प्रेषक : चिटणीस (सध्या मुक्काम कराड)
१८ जानेवारी

नमस्कार मंडळी,

इथे येऊन तीन आठवडे झाले. १५ तारखेला गोळेश्वरला जाऊन आलो. खाशाबा जाधवांचा जन्मदिवस आता राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो, हे तुम्हाला माहीत आहेच. पुढच्या महिन्यात आमच्या गावची यात्रा आहे आणि परदेशातल्या आपल्या मंडळाची चांदीची गदा नेहमीप्रमाणे तिथल्या कुस्तीच्या मैदानाला बक्षीस म्हणून जायची आहे. त्याआधी मनातलं एक मांडतो.

खाशाबांचं १९५२ चं हेलसिंकीचं ब्राँझपदक म्हणजे स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे. पण त्या दिवशीची हकीकत मला राहून राहून आठवते. जपानच्या शोहाची इशीशी कुस्ती झाली, खाशाबा हरले. लगेच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोव्हशी लढायला बोलावलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती द्यायची असा नियम होता. तो नियम बोलून दाखवायला कडेला आपला एकही अधिकारी हजर नव्हता. दमलेले खाशाबा तसेच उतरले आणि ती कुस्तीही गेली. इशीला सुवर्ण, मम्मदबेयोव्हला रौप्य, आपल्याला ब्राँझ. अंगात ताकद होती, डाव होते. पुढे होऊन "थांबा, अर्धा तास झालेला नाही" म्हणणारा माणूस तेवढा नव्हता.

आमच्या गावचे तात्या असा माणूस आहेत. वय ७८. तरुणपणी स्वतः लढले, गुडघा गेला, मग पंच झाले. मातीतल्या कुस्तीत पंचाला एकच गोष्ट बघायची असते, पण ती बघणं अवघड असतं. पाठीवर पडलेल्या गड्याचे दोन्ही खांदे एकाच वेळी टेकले का? त्यासाठी तात्या दुखऱ्या गुडघ्यावर तसेच खाली बसायचे, गाल जवळजवळ मातीला लावायचे आणि खांद्याखालून पलीकडचा उजेड दिसतो का ते बघायचे. उजेड दिसला तर कुस्ती चालू. फडात हजारो माणसं "झाली, झाली" म्हणून ओरडत असली तरी चालू. उठताना त्यांच्या पांढऱ्या टोपीला एका बाजूनं लाल माती लागलेली असायची. लहानपणी मी ती टोपी बघूनच ओळखायचो की कुस्ती अटीतटीची झालेली आहे.

पुढे मॅट आली. चाळिशी उलटल्यावर तात्यांनी गुणांची कुस्ती शिकून घेतली, वहीत नियम उतरवून पाठ केले, परीक्षा दिली. पंचाच्या एका मनगटाला लाल पट्टी, दुसऱ्याला निळी. ज्या रंगाच्या पैलवानाला गुण, तो हात वर आणि बोटांनी आकडा. हे ते रात्री ओट्यावर बसून आम्हा पोरांना समोर उभं करून घोकायचे. २००८ साली पुण्यात बालेवाडीला राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा झाल्या, तेव्हा कुस्तीच्या वजनकाट्यापाशी मदतीला होते. जाण्यायेण्याचं एसटीचं भाडं पदरचं.

दोन वर्षांमागे एका सत्कार समारंभाला त्यांना आग्रहानं बोलावलं. मी बरोबर होतो. व्यासपीठावर पुढाऱ्यांच्या खुर्च्या भरल्या, तात्यांना खुर्चीच उरली नाही. दीड तास मांडवाच्या खांबाला टेकून उभे राहिले. शेवटी आभाराच्या भाषणात "आणि इतर पंच मंडळी" एवढंच झालं. परत येताना गाडीत ते एक शब्द बोलले नाहीत. मला ते अजून खुपतं.

तर माझी सूचना अशी : यंदा मंडळाच्या वतीनं सत्कार तात्यांचा करावा. आणि दरवर्षी एकेक जण, पंच, वस्ताद, माती तयार करणारा, निवेदक. तुमची मतं कळवा.

आपला,
चिटणीस

---

प्रेषक : खजिनदार
१९ जानेवारी

चिटणीस साहेब,

सूचना मनापासून पटली. दोनच गोष्टी. पैलवानाची गदा बंद करू नये, पोरं त्या गदेसाठी वर्षभर घाम गाळतात. सत्काराची रक्कम आपण वेगळी उभी करू, माझ्याकडून सुरुवात धरा. दुसरं, दरवर्षी निवड कोण करणार? इथे बसून आपण करू नये. २०२५ ला अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत पंचाच्या निर्णयावरून केवढा गदारोळ झाला ते आपण सगळ्यांनी पाहिलं. पंचाचा मान ठेवा म्हणायचं आणि त्यांच्याच गावात आपल्यामुळे दोन गट पडायचे, असं व्हायला नको.

खजिनदार

---

प्रेषक : काकू (माहेर कराड)
१९ जानेवारी, रात्री

सर्वांना नमस्कार.

मी एरवी इथे फक्त दिवाळी फराळाच्या यादीवर लिहिते, पण आज राहवलं नाही.

माझे वडील सांगायचे, खाशाबा पदक घेऊन आले तेव्हा शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली होती. वडील एका गाडीच्या मागे लोंबकळत गेले होते. पण त्या मिरवणुकीहून त्यांना जास्त कौतुक पुढच्या गोष्टीचं होतं. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले होते. खाशाबांनी परतल्यावर कुस्त्यांची मैदानं भरवली, त्यातून पैसे जमवले आणि सरांचं घर आधी सोडवलं. आपल्यामागे कोण उभं होतं याचा त्यांना विसर पडला नाही. खरा सत्कार तो, असं वडील म्हणायचे.

आणि खुद्द खाशाबांना काय मिळालं? १९८४ साली अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार जाहीर झाला २००० साली, म्हणजे जाऊन सोळा वर्षं झाल्यावर. दिल्लीत कुस्तीच्या सभागृहाला नाव दिलं तेही नंतरच. तात्या ७८ वर्षांचे आहेत. निवडीचे नियम आपण पुढच्या वर्षी सावकाश ठरवू. यंदाचं नाव ठरलेलं आहे, त्यात चर्चेला काही नाही.

एक विनंती. शाल-श्रीफळ द्याल ते द्या, पण हलगीवाल्यांना विसरू नका. सकाळपासून अंधार पडेपर्यंत त्यांचा हात थांबत नाही. हलगी बंद पडली तर मैदान मेल्यासारखं वाटतं. त्या दिवशीचं त्यांचं इनाम माझ्याकडून.

काकू

---

प्रेषक : चिटणीस
२२ जानेवारी

मंडळी,

आलेल्या सगळ्या मेलमध्ये होकारच आहे. गदा राहील, सत्काराचा खर्च वेगळा. निवडीचं खजिनदारांचं म्हणणं रास्त आहे. पुढच्या वर्षापासून नाव गावच्या यात्रा कमिटीनं आणि तालमीच्या वस्तादांनी मिळून कळवायचं, आपण फक्त पैसे पाठवायचे. काकू, हलगीचं तुमच्या नावानं लिहून घेतलं.

काल तात्यांकडे गेलो. परसात ऊन खात बसले होते. म्हटलं, मंडळाला तुमचा सत्कार करायचाय, हॉल घेऊ का कराडात? बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "हॉल कशाला? मैदानातच करा. शेवटच्या कुस्तीच्या आधी, फड भरल्याला असतोय तवा. माझं नाव माईकवरनं पुकारा. आजवर मीच दुसऱ्यांचे हात वर केले, माझं नाव कुणी पुकारलं न्हाई."

तात्यांनी आयुष्यात स्वतःसाठी काही मागितलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

तेव्हा असं ठरलं आहे : यात्रेच्या दिवशी संध्याकाळी, मोठी जोड लागायच्या आधी हलगी वाजेल, निवेदक तात्यांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, तीनदा पुकारतील. तात्या चपला काढून मातीत उतरतील आणि त्यांचा हात वस्ताद वर करतील. यात्रा कमिटीनं लगेच हो म्हटलं. फेटा मी कराडातून घेतो. भाषणं नाहीत, तसं बजावून सांगितलं आहे.

वर्गणी शुक्रवारपर्यंत खजिनदारांकडे द्यावी. त्या दिवशी मी फोनवरून चित्रण थेट दाखवीन. तुमच्याकडे पहाट असेल, गजर लावून ठेवा.

आपला,
चिटणीस