वस्तीवर घरभेटीला जाणाऱ्या आशाताईला त्रास, तक्रार नेमकी कुठे करायची?

जत_गटप्रवर्तक
इकडे वस्त्या लांब लांब, नवजात बाळाच्या घरभेटीला आशाताई एकटीच जाते. गावातला एक जण दर वेळी वाटेत अडवून घाण बोलतो, रात्री फोन करतो. 'आशा मानधनावर, तिला समितीचा कायदा (कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्धचा) लागत नाही' असं सांगतात. गावकरी म्हणतात, बसून मिटवू. आधी कुठे जायचं?

कृष्णाकाठ
लागत नाही हे साफ खोटं. 2013 च्या त्या कायद्यात हंगामी, बिनपगारी, स्वयंसेवी, सगळ्या येतात. कामानिमित्त जाल ती जागा म्हणजे कामाचं ठिकाण, वस्तीवरची वाटसुद्धा. समितीकडे तक्रारीची मुदत शेवटच्या घटनेपासून 3 महिने, सबळ कारण असेल तर आणखी 3. 'बसून मिटवू' करता करता नेमकी हीच निघून जाते.

त्रास देणारा खात्यातला असता तर अंतर्गत समिती. कार्यालयात 10 पेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार मालकावरच असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती. अर्ज 6 प्रतींत. तुमच्याकडचा त्रास देणारा खात्याबाहेरचा, म्हणून थेट पोलीस. पण याच कायद्याच्या कलम 19 प्रमाणे गुन्हा नोंदवायला तिला मदत करणं कार्यालयावर बंधनकारक आहे. वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी द्या, पोच घ्या.

माणदेशी
ठाण्यात गडबड होते ती शब्दांमुळे. 'शिवीगाळ केली' एवढंच लिहिलं की भारतीय न्याय संहितेचं कलम 352 (अपमान) लावून एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, करतात आणि विषय संपतो. तो काय बोलला ते शब्दशः लिहायचं, लाजायचं नाही. मग त्याच संहितेचं 75 (लैंगिक छळ) किंवा 79 (अश्लील शब्द-हावभाव) लागतं, अंगाला हात लावला असेल तर 74 (विनयभंग). तिन्ही दखलपात्र. जबाब महिला अधिकाऱ्यानेच घ्यायचा.

फोनसाठी 78, पाठलाग. त्यात बाईने स्पष्ट नकार दिलेला असावा लागतो. म्हणून 'पुन्हा फोन करू नका' असा एक मेसेज टाकून ठेवा, मगच ब्लॉक. कॉल लॉग पुसू नका. नवऱ्याच्या भीतीने बऱ्याच जणी आधी तेच करतात. हद्दीचं कारण दिलं तर झिरो एफआयआर (हद्द कुठलीही असो, त्याच ठाण्यात गुन्हा नोंद) मागा. घेतच नसतील तर तक्रार टपालाने सांगलीला पोलीस अधीक्षकांकडे.

जत_गटप्रवर्तक
तोवर भेटी बंद ठेवू का?

कृष्णाकाठ
नको. बाळ जन्मल्यापासून 3, 7, 14, 21, 28, 42 यातला भेटीचा दिवस चुकला की बाळाचं वजन-ताप बघायचं राहतं, वर तिचे या भेटींचे 250 रुपये अडकतात. आरोग्यसेवक किंवा तुम्ही सोबत जा. घरभेटीच्या फॉर्मवर तारखेसोबत वेळही लिहा. त्या दिवशी ती तिथे कामावरच होती याचा तोच कागद.